निर्बीजीकरणाचं एकच वय नको

लॉस एंजेलिस शहराने 2008 मध्ये एक नियम केला. घरात कुत्रा असो की मांजर, चार महिन्यांचं होईपर्यंत त्याचं निर्बीजीकरण झालंच पाहिजे. परवाना घेऊन पैदास करणारे, प्रदर्शनांत किंवा स्पर्धांत उतरणारे प्राणी, काही कामाचे कुत्रे आणि डॉक्टरांनी लेखी कारण दिलेले प्राणी एवढ्यांनाच सूट. पुढच्याच वर्षी नॉर्वेने प्राणी कल्याणाचा नवा कायदा केला आणि त्याचा रोख बरोबर उलटा होता. सबळ कारण असल्याशिवाय प्राण्याच्या शरीराचा कुठलाही भाग काढायचा नाही. खच्चीकरण करता येतं, पण त्या प्राण्याच्या हितासाठी ते गरजेचं असेल किंवा तसंच काही खास कारण असेल तरच. दोन्हीकडे प्राण्यांवर जीव लावणारी माणसं आहेत, दोन्हीकडे उत्तम पशुवैद्य आहेत. तरी एकीकडे ऑपरेशन न करणारा मालक बेजबाबदार ठरतो, तर दुसरीकडे विनाकारण करून घेणारा.

हे असं होतं, कारण दोन वेगळे प्रश्न एकाच टेबलावर निकालात काढले जातात. नको असलेली पिल्लं जन्माला येऊ नयेत, हा समाजाचा प्रश्न आहे. या विशिष्ट प्राण्याच्या शरीरातून बीजांडकोश किंवा वृषण कधी काढावेत, काढावेत का, हा त्या प्राण्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर लादलं की ‘सहा महिन्यांचा झाला, आता उरकून घ्या’ असा सल्ला तयार होतो. तो चिहुआहुआला तोच, गोल्डन रिट्रीव्हरलाही तोच, मांजरीलाही तोच. माझा विरोध निर्बीजीकरणाला नाही. सगळ्यांना एकाच वयात एकाच पद्धतीने बसवण्याला आहे.

बीजांडकोश आणि वृषण काढले की पिल्लं होणं थांबतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासोबत आणखी काय बदलतं, ते मात्र ऑपरेशनच्या आधी क्वचितच कुणी समजावून सांगतं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात, तिथे हाड वाढत असतं. वयात येताना लैंगिक हार्मोन्स वाढतात आणि मुख्यतः इस्ट्रोजेनच्या प्रभावाने हे पट्टे बंद होतात. नरातही टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतंच. पिल्लू लहान असताना हा स्रोत काढून घेतला तर पट्टे उशिरा बंद होतात आणि पाय थोडे जास्त लांब वाढतात. सगळी हाडं एकाच वेळी थांबत नसल्यामुळे सांध्यांचे कोन आणि त्यांच्यावर पडणारा भार बदलू शकतो. दहा किलोच्या कुत्र्याला ते फारसं जाणवत नाही. चाळीस किलोच्या कुत्र्याला जाणवू शकतं.

दुसरी गोष्ट मेंदूची. मेंदू एका हार्मोनद्वारे पिट्युटरी ग्रंथीला हुकूम देतो, पिट्युटरी एलएच (ल्युटिनायझिंग हार्मोन) सोडते, एलएच बीजांडकोशाला किंवा वृषणाला कामाला लावतं आणि तिथून निघालेलं इस्ट्रोजेन वा टेस्टोस्टेरॉन उलट मेंदूला सांगतं की पुरे, आता कमी करा. अवयव काढले की ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरत नाही. एलएच मग आयुष्यभर कित्येक पटींनी चढं राहतं. या हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर मूत्राशय, सांध्यांचे अस्थिबंध, थायरॉइड अशा प्रजननाशी संबंध नसलेल्या ठिकाणीही सापडले आहेत. या चढ्या एलएचमुळे नेमके कोणते आजार होतात हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण निरुपयोगी झालेला भाग काढला आणि बाकी शरीर होतं तसंच राहिलं, असं समजणं चूक आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये 759 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत खच्चीकरण झालेल्या नरांमध्ये हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार, 10 टक्के निघाला, म्हणजे न केलेल्या नरांच्या दुप्पट. गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचा प्रकार न केलेल्या नर-माद्यांत एकही नव्हता. लवकर केलेल्या नरांत तो 5 टक्के होता आणि माद्यांत 8. हा अस्थिबंध तुटला की कुत्रा अचानक मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चालू लागतो, बसताना तो पाय बाजूला फेकून बसतो. मोठ्या कुत्र्याला मग हाड कापून प्लेट बसवण्यापर्यंतची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुढे दुसराही गुडघा जाण्याची धास्ती असते.

याच गटाने 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत उपयोगी कागद आहे, कारण त्यात सगळ्यांना लागू पडणारं उत्तर सापडतच नाही. छोट्या जातींमध्ये सांध्यांचा धोका जवळपास वाढलेला दिसला नाही. अनेक मोठ्या जातींमध्ये ठळक वाढला. पण ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंड या तर अवाढव्य जाती, त्यांच्यात वाढला नाही. एकाच जातीत नराचं गणित वेगळं आणि मादीचं वेगळं. हे आकडे एका विद्यापीठाच्या दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे जगभर लावता येणार नाहीत हे खरं. तरीही ‘सहा महिने’ या आकड्यामागे जेवढा पुरावा आहे, त्यापेक्षा यांच्यामागे कितीतरी जास्त आहे. तो आकडा सोयीचा होता. त्या वयात मादी बहुधा पहिल्या माजावर आलेली नसते, ऑपरेशन सोपं जातं, रक्त कमी जातं, पिल्लू लवकर उठून उभं राहतं. सोय ही वाईट गोष्ट नव्हे, पण तिला शास्त्र म्हणून सांगू नये.

आता दुसरी बाजू. ‘हार्मोन्स नैसर्गिक आहेत, तेव्हा हात लावू नका’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू झालेली कुत्री जवळून पाहावी. सात-आठ वर्षांची, आतापर्यंत ठणठणीत. माज संपून काही आठवडे झालेले असतात. ती एकाएकी भांडंभर पाणी पिऊ लागते, सारखी लघवी करते, खाण्याकडे तोंड फिरवते. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर शेपटीखालचे केस ओलसर, घाण वासाचे होतात आणि ती सतत चाटत राहते. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, पोट मात्र तटतटतं. आत एरवी बोटापेक्षा बारीक असलेलं गर्भाशय पुवाने भरून मनगटाएवढं जाड झालेलं असतं. विष रक्तात उतरत असतं. तशा अवस्थेत, थकलेल्या मूत्रपिंडांसह, मध्यरात्री तिला भूल द्यावी लागते.

हे सगळं प्रोजेस्टेरॉन या गाभणपणाच्या हार्मोनमुळे. कुत्रीच्या शरीराचा विचित्र भाग असा की ती गाभण राहो वा न राहो, माजानंतर सुमारे दोन महिने तिचं प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, ग्रंथी पाझरतात, गर्भाशय आकुंचन पावणं थांबवतं आणि तिथली रोगप्रतिकारशक्ती मंदावते. पिल्लांसाठी केलेली ही तयारी दर माजाला होते आणि पिल्लं नसली तर जिवाणूंच्या पथ्यावर पडते. स्वीडनमध्ये निरोगी कुत्र्यांचं सरसकट ऑपरेशन करण्याची पद्धत नव्हती, म्हणून तिथल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींतून खरं प्रमाण कळलं. दहा वर्षांची होईपर्यंत जवळपास दर चार माद्यांमध्ये एकीला पायोमेट्रा झाला होता. काही जातींमध्ये तर निम्म्याहून जास्त माद्यांना.

म्हणून मादीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पैदास करायची नसेल तर ऑपरेशन करावं. मोठ्या जातीची असेल तर हाडं भरू द्यावीत, एखादा माज जाऊ द्यावा, त्या काळात तिला डोळ्यांत तेल घालून सांभाळावं आणि मग करावं. त्यातही वेळ पाहावी: माज संपून दोन-तीन महिने झाल्यावर, हार्मोन्स शांत असताना. प्रोजेस्टेरॉन चढलेलं असताना बीजांडकोश काढले की ते झटकन खाली येतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन उसळतं आणि खोटं गाभणपण सुरू होतं. कुत्री खेळणी गोळा करून त्यांच्यावर बसते, दूध येतं, कुणी जवळ गेलं की गुरगुरते. कधी कधी हे महिनोन्‌महिने रेंगाळतं.

‘पहिल्या माजाआधी केलं नाही तर स्तनांचा कर्करोग होईल’ ही भीती इथे हमखास घातली जाते. तिचं मूळ 1969 च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. त्यात आकडे आले 0.5, 8 आणि 26 टक्के: पहिल्या माजाआधी, पहिल्यानंतर आणि दुसऱ्यानंतर ऑपरेशन झालं तर. हे आकडे फार चुकीचे वाचले जातात. दोन माज गेले की शंभरातल्या 26 कुत्र्यांना कर्करोग होतो, असा त्यांचा अर्थ नाही. ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला जेवढा धोका असतो, त्याच्या 26 टक्के धोका उरतो, असा आहे. म्हणजे दुसऱ्या माजानंतरही त्या अभ्यासानुसार धोका मोठ्या प्रमाणात कमीच होतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी 2012 मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास तपासले आणि पुरावा कच्चा असल्याचं म्हटलं. लवकर ऑपरेशन केल्याने संरक्षण मिळत नाही, असं मी म्हणत नाही. बहुधा मिळतं. पण या एका आकड्याच्या धाकाने पाच महिन्यांच्या मोठ्या जातीच्या पिल्लाला टेबलावर घेणं मला पटत नाही. आणि ‘एक वेत होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं’ या जुन्या समजुतीला तर कसलाच आधार नाही.

मूत्र गळण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. इस्ट्रोजेन गेल्यावर मूत्रमार्गाचं तोंड आवळून धरणारे स्नायू काही माद्यांमध्ये ढिले पडतात. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, कुत्री झोपेतून उठते आणि ती झोपली होती तिथे ओला डाग असतो. तिला स्वतःला कळलेलंही नसतं. मोठ्या जातींमध्ये हे जास्त दिसतं. औषधाने बहुतेकींचं आटोक्यात येतं, पण ते औषध बऱ्याचदा जन्मभर द्यावं लागतं. ज्या घरात ही शक्यता आधी सांगितलेली नसते, तिथे कुत्री ‘मुद्दाम घाण करते’ म्हणून मार खाते. सही घेण्याच्या कागदावर ही एक ओळ असलीच पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणेन.

नर कुत्र्याकडे वळलं की पारडं फिरतं. त्याला पायोमेट्रासारखं जिवावरचं, इतकं नेहमीचं संकट नसतं. वयानुसार प्रोस्टेट वाढते, पण त्रास सुरू झाल्यावर खच्चीकरण केलं तरी ती आक्रसते. वृषणाचा कर्करोग बहुतेक वेळा तिथल्या तिथेच राहतो आणि वृषण काढल्यावर बरा होतो. उलट प्रोस्टेटचा कर्करोग खच्चीकरण झालेल्या कुत्र्यांमध्येच जास्त आढळतो. एखादं वृषण खाली उतरलेलंच नसेल तर गोष्ट वेगळी. पोटात अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका खूप जास्त असतो, तिथे काढायलाच हवं. एरवी नीट कुंपणात, पट्ट्यावर, माणसांच्या नजरेखाली वाढणाऱ्या नराचं खच्चीकरण करायला वैद्यकीय कारण काय, हा प्रश्न मालकाने विचारला तर तो अडाणी ठरू नये.

याचं उत्तर बहुधा ‘शांत होईल’ असं मिळतं. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. टेस्टोस्टेरॉन गेल्याने माजावरच्या मादीच्या मागे भटकणं, जागोजागी मूत शिंपडणं, अंगावर चढणं, नरानरांतली मारामारी हे बऱ्याच कुत्र्यांमध्ये कमी होतं. पण अनोळखी माणसाला पाहून भुंकत अंगावर जाणारा कुत्रा पुष्कळदा घाबरलेला असतो. शेपटी खाली, वजन मागच्या पायांवर, कान मागे, पळायला वाट नाही म्हणून चावतो. भीती वृषणांतून येत नाही. अशा कुत्र्याचं टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं तर त्याला हिंमत देणारी एक गोष्ट कमी होते, आणि काही पाहण्यांमध्ये खच्चीकरण झालेल्या कुत्र्यांत भित्रेपणा जास्त आढळला आहे. त्याला प्रशिक्षण हवं, संयम हवा, वर्तनाची जाण असलेला डॉक्टर हवा. ऑपरेशन करून तो सुधारला नाही की त्याला सोडून दिलं जातं.

मांजरांबद्दल यातलं फारसं काही लागू होत नाही, आणि ते ठासून सांगायला हवं, कारण कुत्र्यांवरचा हा वाद ऐकून मांजर पाळणारेही थबकतात. थबकू नका. मांजरी चार-पाच महिन्यांची असताना गाभण राहू शकते. दिवस मोठे असले की ती दर दोन-तीन आठवड्यांनी माजावर येते आणि बोक्याशी संग झाला की त्या उत्तेजनानेच बीजं सुटतात, त्यामुळे नेम सहसा चुकत नाही. गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं. अंगावर पिणारी पिल्लं असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या स्तनांतल्या गाठी 85 ते 90 टक्के वेळा कर्करोगाच्याच असतात, आणि 2005 च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींचा हा धोका 91 टक्क्यांनी कमी निघाला. बोका घराबाहेर लढतो, चावे घेतो, आणि मुख्यतः चाव्यांतूनच एफआयव्ही हा मांजरांची रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू पसरतो. लवकर खच्चीकरण केलं तर बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. चार-पाच महिन्यांत, पहिल्या माजाआधी, नर असो की मादी, करून टाकावं. फक्त खाण्याकडे लक्ष ठेवावं. ऑपरेशननंतर काही दिवसांतच भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक घटते. वाटी तेवढीच ठेवली तर वर्षभरात मांजर गोल होतं आणि मग मधुमेहाची पाळी येते. हे कुत्र्यालाही लागू आहे.

आणि निवारागृहांचं काय? तिथे मी लवकर ऑपरेशनच्या बाजूने आहे, मोठ्या जातीच्या पिल्लांचंही. दत्तक घेणारा ‘वर्षानंतर करून घेऊ’ म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि पुष्कळ वेळा ते राहून जातं. निवारागृहाला त्या घरात काय होणार हे दिसत नसतं. मागे पडलेल्या एका ऑपरेशनमधून सहा-आठ पिल्लं होतात आणि त्यातली काही त्याच निवारागृहाच्या दारात येतात. एका कुत्र्याच्या गुडघ्याचा संभाव्य धोका आणि नको असलेल्या पिल्लांचे हाल यात निवड करायची तर मी पहिला पत्करेन. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये अमेरिकेतल्या 40 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. निर्बीजीकरण झालेले सरासरी 9.4 व्या वर्षी गेले, न झालेले 7.9 व्या. पहिल्या गटात कर्करोग जास्त होता, दुसऱ्यात संसर्ग आणि अपघात. यात ऑपरेशन करून घेणाऱ्या घरांच्या एकूण काळजीचाही वाटा असणार, पण भटकण्याची किंमत कुत्रे जिवाने मोजतात हे त्यातून दिसतंच.

पण ही निवड अशी कात्रीत का पडावी? पिल्लं थांबवण्यासाठी हार्मोन्स काढावीच लागतात असं मुळीच नाही. नराची नसबंदी करता येते: शुक्रवाहिनी बांधायची, वृषण जागेवर. मादीचं गर्भाशय काढून बीजांडकोश ठेवता येतात. गर्भाशय पूर्ण काढलं असेल तर पायोमेट्राही टळतो, माज मात्र येत राहतो आणि स्तनांच्या गाठींचा धोका उरतो. नरासाठी कातडीखाली बसवायचं, टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं थांबवणारं डेस्लोरेलिनचं इम्प्लांट आहे. 4.7 मिलिग्रॅमचं किमान सहा महिने आणि 9.4 मिलिग्रॅमचं किमान वर्षभर चालतं. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन थोडं वाढतं आणि पहिले काही आठवडे कुत्रा पिल्लं देऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवावं लागतं. हार्मोन गेल्यावर हा कुत्रा कसा वागतो, हे कायमचं काही न करता यातून पाहता येतं. याउलट माज थांबवायची प्रोजेस्टेरॉनसारखी इंजेक्शनं आणि गोळ्या स्वस्त आणि सोप्या म्हणून दिल्या जातात, त्या मला धोकादायक वाटतात. ज्या हार्मोनमुळे पायोमेट्रा होतो तेच बाहेरून टोचायचं, आणि वर स्तनांच्या गाठी व मधुमेहाला आमंत्रण द्यायचं. मांजरीला तर विशेषच.

मांजरींसाठी ऑपरेशनशिवायचा एक मार्ग दिसू लागला आहे. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालय आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांच्या संशोधकांनी 2023 मध्ये बीजांडांची वाढ रोखणाऱ्या एएमएच या हार्मोनचं जनुक एकाच इंजेक्शनने सहा मांजरींना दिलं. दोन वर्षांच्या निरीक्षणात त्यातली एकही गाभण राहिली नाही. संख्या लहान आहे आणि ते प्रत्यक्ष वापरात यायला वेळ लागेल. आज हातात आहेत त्या पद्धतीच पुरेशा डॉक्टरांना येत नाहीत, ही खरी अडचण आहे. विद्यार्थी बीजांडकोश-गर्भाशय काढायला आणि खच्चीकरण करायला शिकतो. कुत्र्याची नसबंदी त्याने कधी केलेलीच नसते, म्हणून तो ती सुचवतही नाही, आणि मालकाने विचारलं तर ‘त्याचा काही उपयोग नाही’ म्हणतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी नसबंदी आणि बीजांडकोश ठेवून गर्भाशय काढणं या दोन शस्त्रक्रिया अभ्यासक्रमात घेतल्या तर निवारागृहालासुद्धा मोठ्या जातीचं पिल्लू पिल्लं होण्याची भीती न ठेवता आणि हार्मोन्स शाबूत ठेवून घरी पाठवता येईल.

नियम करणाऱ्यांनीही मग शब्द बदलावेत. कायद्याने मागावं ते एवढंच, की या प्राण्यापासून नको असलेली पिल्लं होणार नाहीत. कोणता अवयव, कितव्या महिन्यात, हे डॉक्टर आणि मालकावर सोडावं. परवान्याच्या अर्जात निर्बीजीकरणाच्या रकान्यासमोर नसबंदीचं प्रमाणपत्रही चालावं, आणि मोठ्या जातीच्या कुत्र्याला हाडं भरेपर्यंतची मुदत मागायला मालकाला आजारपणाची चिठ्ठी आणावी लागू नये.